परवान्याआधीची कवळी

माझे वडील बेळगावला गणपती करायचे. मूर्ती शाडूच्या, पण साचे प्लास्टरचे. प्लास्टर किती पातळ कालवायचं, ते हाताला गरम लागलं की किती थांबायचं, कुठे टिचकी मारली की अख्खं सुटतं, हे मी त्यांच्या शेजारी बसून शिकले. हे कसब मला पुढे दातांच्या दवाखान्यात उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं तर ते नुसते हसले असते.

लग्नानंतर मी बंगळूरला आले. नवरा विमानांच्या कारखान्यात होता आणि आम्ही बसवनगुडीत भाड्याने राहायचो. पन्नास साल उलटून काही वर्षं झाली होती. माझी दाढ फार दुखायला लागली तेव्हा नवरा मला कंटोनमेंटमधल्या एका गोऱ्या दंतवैद्याकडे घेऊन गेला. खुर्चीवर बसले होते तिथून आतली खोली दिसत होती. तिथे एक पोऱ्या मेणाच्या ठशात प्लास्टर ओतत होता आणि घाई करत होता. मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "बुडबुडे राहणार त्याच्यात."

डॉक्टर हातातला चिमटा ठेवून वळले आणि मराठीत म्हणाले, "रोज राहतात. बाई, तुम्हाला येतं काय?"

मी दाढदुखी विसरले. डॉक्टर व्हिएन्नाचे. ज्यू म्हणून तिथून जीव घेऊन पळाले, हिंदुस्थानात आले, आणि लढाई सुरू झाल्यावर इंग्रजांनी त्यांनाच शत्रुदेशाचा माणूस म्हणून साताऱ्याच्या छावणीत ठेवलं. तिथल्या आचाऱ्यांकडून ते मराठी शिकले. सुटल्यावर बंगळूरला आले आणि दवाखाना काढला. त्यांच्या मराठीत सगळं जग पुल्लिंगी होतं. "तोंड मोठा करा," असं ते गंभीरपणे सांगायचे. पुढच्या महिन्यापासून मी त्यांच्याकडे कामाला जाऊ लागले. दवाखाना पुढे, डॉक्टर मागच्या खोलीत एकटे राहायचे, आणि मध्ये होती जबड्यांची खोली.

माझं काम त्या खोलीत असे. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचा मेणात ठसा घ्यायचे, मी त्यात प्लास्टर ओतायची, आणि त्या माणसाचा जबडा पांढरा होऊन माझ्या हातात यायचा. कवळी जबड्यावरच दाबून उकळत्या पाण्यात शिजवायची असते, ती सोडवताना तो जबडा फुटतो, म्हणून आम्ही दोन ओतायचो. दुसरा जपून ठेवायचो, कवळी मोडली तर पुन्हा करता यावी म्हणून. मांडणीवर छतापर्यंत जबडे होते, वरचा आणि खालचा तारेने बांधलेले, तोंडं किंचित उघडी. निम्मे तर देश सोडून गेलेल्या साहेबांचे आणि मडमांचे. ती माणसं विलायतेत म्हातारी झाली असतील, काही मेलीही असतील, पण त्यांची तोंडं इथे होती आणि मी दर शनिवारी ती पुसायची.

रस्त्यावरून लष्कराची लॉरी गेली की मांडणी हलायची आणि सगळे जबडे एकदम कटकट वाजायचे, थंडी भरल्यासारखे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खोलीबाहेर पळाले होते. मग सवय झाली. कधीकधी मात्र लॉरी नसतानाही एखाद्या कोपऱ्यातून एकच टक् यायचा. डॉक्टर म्हणायचे, लाकूड तापलं की आवाज करतं. मला ते पटायचं, कारण पटवून घेणं सोयीचं होतं.

डॉक्टरांना या देशात राहायला परवाना लागायचा. दरवर्षी पोलिसांच्या परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन तो वाढवून घ्यायचा. त्या दिवशी ते इस्त्रीचा कोट घालायचे आणि सकाळपासून कुणाशी बोलायचे नाहीत. परवाना मिळायचा तो एका अटीवर, की इथे राहून ते फक्त दातांचं काम करतील. अशात दंतवैद्यांच्या नोंदणीचा नवा नियम आला. ज्याचं नाव नोंदलेलं नाही त्याने दाताला हात लावायचा नाही. डॉक्टरांची पदवी ज्या विद्यापीठाची, ते मान्य विद्यापीठांच्या यादीत नव्हतं. अर्ज दिल्लीला गेला आणि उत्तर येईपर्यंत दवाखाना बंद ठेवा असं त्यांना कळवण्यात आलं.

म्हणजे दातांचं काम केलं तरच राहता येणार, आणि दातांचं काम तर करायचं नाही. डॉक्टरांनी दारावरची पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून उभी केली. मला म्हणाले, "बाई, मी आता इथे आहे पण आणि नाही पण."

ते दिवस विचित्र गेले. पुढचं दार बंद, पडदे ओढलेले. मी यायची, जबडे पुसायची, डॉक्टर रिकाम्या खुर्चीला तेल द्यायचे. जुने रोगी दारावर टकटक करून परत जायचे. आम्ही आत श्वास रोखून बसायचो. बाहेर लोक म्हणू लागले की डॉक्टर गेला. एकदा भाजीवाल्याने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "अम्मा, ते दातांचे डॉक्टर वारले म्हणे?" डॉक्टर तेव्हा माझ्यापासून हाकेच्या अंतरावर खिडकीआड उभे होते आणि ऐकत होते.

त्याच काळात एक रोगी आला. मागच्या दाराने आला. जमीनमोजणी खात्यातून निवृत्त झालेला, उंच, शांत माणूस. माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहायचा. त्याच्या वरच्या हिरड्या सुजून डोळा मिटायला आला होता. डॉक्टरांनी त्याला सांगून पाहिलं की मला परवानगी नाही, दुसरीकडे जा. तो म्हणाला, "मी दुसरीकडून आलोय. सगळ्यांनी आठ दिवसांनी बोलावलंय."

डॉक्टरांनी त्याला खुर्चीत बसवलं. वरचे उरलेले दात काढावेच लागले. काढण्याआधी ठसा घेतला, हिरड्या भरून आल्यावर पुन्हा घेतला. त्याचा वरचा डावा सुळा बाहेर झुकलेला होता. कवळी करताना मी दात मेणात ओळीने सरळ लावले, तर तो म्हणाला, "अक्का, हा एक स्वल्प वाकडाच ठेवा. नाहीतर घरी बायको दार उघडायची नाही."

मी तो सुळा झुकवला. डॉक्टरांनी अंगठ्याने आणखी थोडा झुकवला. दसऱ्याच्या आधी त्याने कवळी नेली. आरशात बघून हसला तेव्हा आमच्या त्या बंद घरात कितीतरी दिवसांनी कुणीतरी हसलं असं मला वाटलं.

संक्रांत झाली आणि दिल्लीहून परवानगी आली. पाटी पुन्हा दारावर गेली. लोक आले. आल्यावर डॉक्टरांकडे जरा टक लावून बघायचे, गेलेला माणूस परत आल्यावर बघतात तसे.

पाटी लागून थोडेच दिवस झाले होते. दुपारी एक बाई आली. भरलेलं कपाळ, अंगावर जुनी मैसूर रेशमी साडी. त्या शांत माणसाची बायको. कानडीत म्हणाली, "अक्का, माझे यजमान कवळी घासून घ्यायला इकडे आले होते का?"

मी नाही म्हटलं. मग तिने सांगितलं. दिवाळीनंतर एका सकाळी ते मारतहळ्ळीकडे गेले. तिकडे तेव्हा नुसती शेतं आणि तळी होती. कुणी जमिनीचा तुकडा विकणार होतं, तो स्वतः पावलांनी मोजून यावं म्हणून निघाले. सायकल घेऊन गेले आणि परत आले नाहीत. सायकलही मिळाली नाही. दीर म्हणत होता की कुठेतरी दुसरा संसार असेल. निवृत्तिवेतन थांबलं होतं, कारण ते घ्यायला माणूस नव्हता आणि माणूस नाही असं सांगायलाही काही पुरावा नव्हता.

"ते येतात असं मला वाटतं," ती साध्या आवाजात म्हणाली. "रात्री कवळी काढून ते पितळी लोट्यात पाण्यात ठेवायचे. मी अजून रोज संध्याकाळी लोटा भरून ठेवते. सकाळी पाणी कमी झालेलं असतं."

डॉक्टर आतून ऐकत होते. ती गेल्यावर त्यांनी हात धुतले, आणि पुसायचे विसरून तसेच ओल्या हातांनी उभे राहिले.

त्या उन्हाळ्यात तळी आटली. चैत्राच्या शेवटी एक पोलिस इन्स्पेक्टर दवाखान्यात आले. मोठ्या वयाचे, दमलेले. रुमालात बांधलेली एक वस्तू त्यांनी टेबलावर ठेवली. मारतहळ्ळीच्या पुढे एका तळ्याच्या चिखलात ओळखू न येण्याइतकी गंजलेली सायकल आणि हाडं सापडली होती. कपड्यांचं काही उरलं नव्हतं. ही एवढी कवळी होती. गावातल्या सगळ्या दंतवैद्यांना दाखवून झाली, कुणाचीच नव्हती.

रुमाल उघडला. गुलाबी टाळू चिखलाने तपकिरी झाली होती, पण दात पांढरेशुभ्र होते. डावा सुळा बाहेर झुकलेला.

मी तो दात मेणात माझ्या बोटांनी लावला होता. मी डॉक्टरांकडे पाहिलं. ते कवळीकडे बघत होते आणि चेहरा अगदी रिकामा होता. शेवटी म्हणाले, "इथे ठेवून जाल का? मला नीट बघायला हवी." इन्स्पेक्टर म्हणाले, "सरी, ठीक आहे. मी पलीकडच्या चौकीवर जाऊन येतो, चार वाजेपर्यंत."

ते गेल्यावर डॉक्टरांनी पुढचं दार लावून घेतलं. कवळी साबणाने धुतली आणि माझ्या हातात दिली. "बाई, बघा."

मी जबड्यांच्या खोलीत गेले. त्या माणसाचे जबडे खालच्या फळीवर होते, बंदीच्या काळात केलेले म्हणून मागे सारलेले. दातांसकट घेतलेला एक, आणि दात काढल्यानंतरचा बोडका एक. बोडका जबडा उताणा हातात धरला आणि कवळी त्यावर टेकवली. ती थोडी अडली, मग आपोआप खाली सरकली आणि टक् असा आवाज करून बसली. टाळूवरची रेघ रेघ जुळली. माझ्या हातात एक पुरतं तोंड होतं आणि ते मला ओळखीचं हसत होतं.

त्या क्षणी रस्त्यावर काहीही नव्हतं. दुपारची सामसूम होती, मी नंतरही पुष्कळदा आठवून पाहिलंय. पण वरच्या फळ्यांवरचे जबडे वाजू लागले. आधी एका टोकाला, मग सगळे. एकदा वाजून थांबले. डॉक्टर दारात उभे होते. त्यांनी मांडणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लाकडाबद्दल काही म्हणाले नाहीत.

आम्ही बाहेर येऊन बसलो. मी म्हटलं, "डॉक्टर, तुम्ही सांगितलंत तर ते विचारणार, कवळी केव्हा केली."

"विचारणार."

"तेव्हा तुम्हाला परवानगी नव्हती. तुमचा राहण्याचा परवाना जाईल. दुसऱ्या कुणाचं नाव घेता येणार नाही का? काही दुसरी वाट असेल."

ते नेहमीच्या त्या मोडक्या मराठीत बोलले. मी ते इथे नीट करून लिहितेय. "माझी आई व्हिएन्नात राहिली. लढाई संपल्यावर मी जिथे लिहिता येईल तिथे लिहिलं. तिला आगगाडीत बसवलं, इतकं सगळे सांगतात. ती मेली असं कुणी म्हणत नाही आणि जिवंत आहे असंही कुणी म्हणत नाही. बाई, मी तिच्यासाठी अजून रडलो नाही. कोणत्या दिवशी रडायचं ते मला माहीत नाही."

मी उठून आतून जबडा आणि कवळी आणून टेबलावर ठेवली.

इन्स्पेक्टर चार वाजता आले. डॉक्टरांनी जबडा आणि कवळी त्यांच्यासमोर ठेवली, बसवून दाखवली, काढून दाखवली, आणि नाव सांगितलं. इन्स्पेक्टरांनी ती स्वतः एकदा बसवून पाहिली आणि हात चटकन मागे घेतला. मग लिहिता लिहिता विचारलं, "केव्हा केली?"

"दसऱ्याच्या आधी."

इन्स्पेक्टरांचं पेन थांबलं. त्यांना सगळं माहीत असावं. परदेशी माणसांच्या बाबतीत पोलिसांना माहीत असतंच. ते म्हणाले, "डॉक्टर, आठवून सांगा. त्याच्या आधीच्या वर्षी केली असेल. तेव्हा नोंदणीचा नियम लागू नव्हता."

"नाही. दसऱ्याच्या आधी."

"मी आधीच्या वर्षीची लिहिली तर कुणाचं काही बिघडत नाही."

डॉक्टर म्हणाले, "त्या वर्षी त्याच्या तोंडात स्वतःचे दात होते. त्याची बायको आहे, भाऊ आहे. उद्या भाऊ विचारेल. एक गोष्ट खोटी निघाली तर कवळीही त्याची नाही म्हणेल. मग ती बाई पुन्हा लोटा भरत बसेल."

इन्स्पेक्टरांना लोट्याचं काही कळलं नाही, पण त्यांनी खरं तेच लिहिलं. सही घेताना ते डॉक्टरांकडे बघत नव्हते.

तिला सांगायला मी इन्स्पेक्टरांबरोबर गेले, कारण घर मला माहीत होतं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, फक्त म्हणाली, "मला बघायचं आहे." हाडं बघायची असतील असं इन्स्पेक्टरांना वाटलं. ती म्हणाली, "ते नको. अक्कांकडे त्यांचं तोंड आहे म्हणतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दवाखान्यात आली. मी तिला बोडका जबडा दाखवला नाही. दातांसकट घेतलेला, पहिला दिला. तिने तो दोन्ही हातांनी धरला. झुकलेल्या सुळ्यावरून अंगठा फिरवला, मग इतर दातांवरून. एका दाढेला टवका होता, तिथे थांबली. "सुपारीने गेला होता," म्हणाली. नंतर जबडा कानाजवळ नेला आणि कितीतरी वेळ तसाच धरून बसली. मी मान खाली घातली. तिला काय ऐकू आलं ते तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

शेवटी म्हणाली, "हे असं उघडं का आहे? बंद करता येतं का?"

मी तार सोडवली आणि वरचा जबडा खालच्यावर नीट बसवून घट्ट बांधला. तिने तो पदरात घेतला आणि घरी नेला. घरच्यांनी हाडांबरोबर तोही श्रीरंगपट्टणला नेऊन कावेरीत सोडला असं नंतर कळलं. क्रियाकर्म झाल्यावर ती मला बाजारात भेटली. कपाळ मोकळं होतं. ती आपणहून म्हणाली, "अक्का, लोट्यातलं पाणी आता तेवढंच असतं." एवढं सांगून ती वाटाण्याच्या शेंगा निवडायला लागली. तिला निवृत्तिवेतनाचा विधवेचा वाटा पुढे सुरू झाला. दिराने पुष्कळ वकील केले, पण काही चाललं नाही.

डॉक्टरांना त्या पावसाळ्यात बोलावणं आलं. कुणी त्यांचा अपमान केला नाही. चहासुद्धा दिला म्हणे. परवानगी नसताना काम केल्याचं त्यांनी स्वतःच सही करून दिलं होतं, त्यामुळे चौकशी फार झाली नाही. नोंदणी काढून घेतली आणि नोंदणी नाही म्हणून राहण्याचा परवाना वाढला नाही. त्या इन्स्पेक्टरांनी आपल्या परीने कुणाकुणाला सांगून पाहिलं. निघायला मुदत मात्र पुरेशी मिळाली. डॉक्टरांचा एक चुलतभाऊ ऑस्ट्रेलियात होता, त्याने कागद पाठवले.

मी त्यांच्यावर रागावले होते. त्या बाईवरही थोडी रागावले होते, आणि ते चूक आहे हे कळत असूनही राग जात नव्हता. सामान बांधताना एकदा मी म्हटलं, "तुम्ही गप्प राहिला असता तर आज इथे असता."

"इथे असतो," डॉक्टर म्हणाले, "पडदे ओढून."

जबड्यांचं काय करायचं हा प्रश्न होता. गावात जे रोगी होते त्यांना मी त्यांचे त्यांचे नेऊन दिले. काहींनी हसत घेतले, एका बाईने दारातूनच परत केले. उरलेले शेकडो होते. घरमालकाच्या ओळखीचा एक कंत्राटदार बसवनगुडीच्या पुढे घर बांधत होता. तो बैलगाडीत भरून घेऊन गेला आणि ते त्याने जोत्यात भर म्हणून टाकले. ते घर मी पाहिलंय. दोन मजली, पुढे कण्हेरी. तिथे लहान मुलं असलेलं एक कुटुंब राहायला आलं आणि अजून सुखाने राहतं आहे. तरी त्या रस्त्याने जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूने जाते.

ऑस्ट्रेलियाहून डॉक्टरांची पत्रं यायची. इंग्रजीत, मध्येच देवनागरीत एखादा शब्द. तिथेही त्यांना दाताला हात लावायला बंदी होती. साठीला आलेल्या माणसाला पुन्हा कॉलेजात जाऊन परीक्षा द्यायला सांगितलं होतं. तिथे मुलांना शिकायला पितळेचं डोकं असतं, त्याला रबराचे गाल आणि तोंडात दात बसवलेले. मुलांच्या रांगेत बसून डॉक्टर त्या डोक्याचे दात कोरायचे. एका पत्रात त्यांनी लिहिलं होतं की बाकीची मुलं त्याला नुसतं डोकं समजतात, पण मला सवयीने हळू हात चालवावा लागतो. त्याला दुखतं काय, असं मी एकदा विचारलं आणि परीक्षक माझ्याकडे बघत राहिला, असंही त्यात होतं.

पहिल्या वर्षी ते नापास झाले. दुसऱ्या वर्षी पास झाले आणि एका लहान गावात त्यांनी दवाखाना काढला. तोपर्यंत मी इथल्या एका रुग्णालयात कवळ्या करायच्या कामाला लागले होते. सरकारी नोकरी होती, खोली मोठी आणि उजेडाची होती. पहिल्याच दिवशी तिथल्या मुख्य डॉक्टरांनी मला नियम सांगितला, की कवळी दिली की जबडा फोडून टाकायचा, जागा अडते. मी हो म्हटलं, आणि पहिला जबडा फोडायला हातोडी उचलली तेव्हा खोलीत दुसरं कुणी नाही ना, हे आधी बघून घेतलं, आणि मग जबड्याला हळूच विचारलं, दुखतं काय?